हिरड्या, पडदा आणि अलिबागचे वकील

दातांवर किटण कसं चढतं ते ज्याच्या तोंडात चढतं त्याला कधीच कळत नाही. रोज एक पातळ थर, इतका पातळ की जिभेलाही लागू नये. आणि मग एक दिवस आरशात बघावं तर दातांमागे पायरीचा दगड! दवाखान्यातल्या गोष्टी माझ्याकडे अशाच साचल्या. दादाच्या हाताखाली काम करायला लागले तेव्हा वाटलं होतं, दातांच्या दवाखान्यात काय घडणार? लोक येतील, आ करतील, थुंकतील, जातील. आता मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "अंबू, ती कोळीण सांग ना!" आणि एक सांगितली की तिच्यामागून दुसरी निघते. तेव्हा आज एकदा सगळं तोंड साफच करून टाकते.

आधी घरची माणसं सांगते.

दादा माझा थोरला भाऊ. फोर्टात एका गोऱ्या दंतवैद्याच्या हाताखाली शिकला. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याची वरखाली होणारी खुर्ची दादानं घेतली, बैलगाडीत घालून ठाकूरद्वारला आणली आणि एका वाण्याच्या दुकानावर दवाखाना थाटला. गाडी रस्त्यानं येत होती तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी खुर्चीला नमस्कार केला. त्यांना वाटलं, देवळात नवं सिंहासन चाललंय!

तात्या म्हणजे आमचे काका. आमचे वडील सुधारक होते. त्यांनी मला शाळेत घातलं, मग कॉलेजात घातलं, आणि मग ते वारले. तात्यांच्या मते ते याच क्रमानं होणार होतं. तेव्हापासून आम्ही दोघं भावंडं तात्यांच्या घरी, त्यांच्या धाकात.

आणि काकू. काकू घरात आहे हे भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. तिचं बोलणं असं मी फारसं ऐकलंच नव्हतं.

दवाखाना उघडला आणि दादाच्या लक्षात आलं की बायका येतात, पण तोंड उघडत नाहीत. पहिलीच बाई खुर्चीत बसली. दादा म्हणाला, "आ करा." तिनं डोळे मिटले. "डोळे नाही बाई, तोंड." तिनं पदर तोंडात कोंबला आणि त्याच्याआडून म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या घरच्यांनी अजून माझे दात बघितले नाहीत. तुम्हाला कसे दाखवू?"

म्हणून मग मी! खुर्चीभोवती पडदा लागला. पडद्याच्या आत बाई आणि मी, बाहेर दादा. मी आत बघायचं, बाहेर सांगायचं. त्यानं बाहेरून शिकवायचं, मी आत करायचं. नवी बाई आली की आधी विचारायचं, रक्त येतं का, वास येतो का, दात कशानं घासता? मग बोटानं हिरडी दाबून पू येतो का बघायचं. मग एकेक दात हलवून बघायचा. मग खरवडायचं, आयोडीन लावायचं, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या सांगायच्या. सुरुवातीला दादा बाहेरून धडाधड हुकूम सोडायचा. पुढे पुढे तो नुसता "हं, हं" करू लागला. एकदा "हं"सुद्धा आलं नाही म्हणून पडदा सारून पाहिलं तर साहेब पेंगत होते!

तात्यांनी या सगळ्याला परवानगी दिली, पण एका अटीवर. "घरंदाज घरातून एक तक्रार माझ्या कानावर आली, की अंबू घरी. अलिबागचे वकील अजून थांबलेले आहेत."

अलिबागचे वकील म्हणजे बिजवर. वय तात्यांच्या आसपास. त्यांचे थोरले चिरंजीव कॉलेजात माझ्याच वर्गात, मागच्या बाकावर बसत आणि भूमितीत दरवेळी नापास होत. दवाखाना सुटला की मी त्यांची आई होणार होते!

* * *

पहिल्या महिन्यात ठाकूरद्वारच्याच एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सून इतकी वाकून बसली होती की तोंड शोधावं लागलं.

मी सुनेला विचारलं, "हिरड्या दुखतात?"

सासूबाई म्हणाल्या, "नाही दुखत."

"रक्त येतं का गं?"

"आमच्या घरात कुणाला रक्त येत नाही!"

"मग आणलंत कशाला?"

"वास येतो. पंगतीत वाढायला आली की लोक ताट पुढे सरकवतात."

मी सुनेच्या हिरडीला बोट लावलं. ती बिचारी कळवळली. सासूबाई तत्काळ म्हणाल्या, "तिला दुखत नाही हो, तिला सवयच आहे कण्हायची. तुम्ही खरवडा."

पडद्याबाहेरून दादा खोकला. त्याचा अर्थ, अंबू, तोंड सांभाळ, घरंदाज घर आहे. मी तोंड सांभाळलं. गोड आवाजात म्हटलं, "बाई, वास सुनेचाच आहे हे नक्की का? दोघींचं बघितलं तर खात्री होईल."

सासूबाई ऐटीत खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी आ केला. मी मागे सरले! सुनेचं तोंड या तोंडापुढे तुळशीवृंदावन होतं. खालच्या दातांच्या मागे तर अख्खी भिंत बांधलेली. मी हत्यार उचललं आणि नुसतं टेकवलं, तोच सासूबाई ओरडल्या, "अगं आई गं! दुखतंय!"

कोपऱ्यातून पहिल्यांदाच सुनेचा आवाज आला. अगदी हळू, अगदी नम्र.

"त्यांना दुखत नाही हो. तुम्ही खुशाल खरवडा."

* * *

आता ती कोळीण.

ती आली तीच टोपलीसकट. टोपली खुर्चीच्या पायाशी ठेवली, स्वतः खुर्चीत चढून बसली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "यो परदा कनाला? तो डाक्टर माझा तोंड बघून पलून जाईल काय?" आणि पडदा स्वतःच्या हातानं बाजूला सारला. खरं सांगते, मला ती तिथल्या तिथे आवडली!

दात मशेरीनं घासलेले, हिरड्या सुजून लालभडक. मी तिला आरसा दिला आणि कॉलेजात वादसभेत बोलायचे त्या आवाजात समजावलं. "हे बघ, हिरडी कशी लाल झालीय. ही लाली फार वाईट. रोग आत शिरलाय."

तिनं आरशात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जसं बघतात ना, शिकलेल्या पण कामातून गेलेल्या माणसाकडे, तसं. खाली वाकली, टोपलीतला एक मासा उचलला, अंगठ्यानं त्याचा कल्ला उघडला आणि माझ्या नाकापुढे धरला.

"लाल हाय का नाय? लाल म्हन्जे ताजा! पांढरा परला म्हन्जे शिला. बाय, तुला म्हावरा कलत नाय."

मी म्हटलं, "तू काय मासा आहेस?"

ती म्हणाली, "मंग तू काय डाक्टर हायस?"

दादा हसू दाबत खिडकीकडे वळला. पण रक्तानं ती हैराण होतीच, म्हणून बसली. मी चांगलं खरवडलं, औषध लावलं, मशेरी बंद करायला लावली. पुन्हा बोलावलं, पुन्हा केलं. हिरड्या आवळल्या, सूज गेली, रंग उतरून फिका गुलाबी झाला. अगदी पुस्तकात छापावा असा! मी अभिमानानं आरसा पुढे केला.

तिनं बघितलं आणि दवाखाना डोक्यावर घेतला.

"शिली केलीस गो मना! जिती बाई आयली, शिली करून परत धारतेस!"

जिना उतरताना, वाण्याच्या दुकानापुढे, ट्रामच्या फाट्यापर्यंत ती हेच सांगत गेली. संध्याकाळपर्यंत ते तात्यांच्या कानावर. मला वाटलं, झालं, आता अलिबाग! पण तात्या म्हणाले, "कोळणीची तक्रार धरायची नाही. घरंदाज घर म्हटलं होतं मी."

मी वाचले ते तात्यांच्या उद्धटपणामुळे. इतका राग आला की आपण वाचलो याचा आनंदही करता येईना!

* * *

एका शास्त्रीबुवांना दादा तपासत होता. पुरुष दादाचे; तेव्हा पडद्याच्या आत तो आणि बाहेर मी, पण सगळं ऐकू यायचं. शास्त्रीबुवा फार कडक. खुर्चीवर बसण्याआधी तिच्यावर सोवळ्याची धाबळी टाकली. आरसा तोंडात घालण्याआधी तो गंगाजलानं धुवायला लावला. दादानं गंगाजलानंतर तो जंतू मारायला कार्बोलिकनंही धुतला. बुवांना वाटलं तीही एखादी नदीच.

दादा म्हणाला, "शास्त्रीबुवा, हिरड्यांतून बरंच रक्त येतंय. विशेषतः झोपेत. ते पोटात जातं."

बुवांनी पोटावर हात ठेवला. मग सावकाश म्हणाले, "पोटात? माझ्या?"

"हो."

"म्हणजे रोज रक्त पितोय मी?"

मला राहवलं नाही. पडद्यामागून म्हटलं, "इतकी वर्षं, बुवा!"

बुवा खुर्चीतून ताडकन उठले, धाबळी उचलली आणि गेले. दादानं पडदा सारून माझ्याकडे असं बघितलं की मी अलिबागच्या गलबतात बसलेच! तक्रार येणार म्हणून आम्ही दोघंही जीव मुठीत धरून होतो. पण काही दिवसांनी बुवा परत आले. चेहरा प्रसन्न. म्हणाले, "सगळे ग्रंथ पाहिले. दुसऱ्याच्या रक्ताला दोष सांगितला आहे. स्वतःच्या रक्ताविषयी शास्त्र मौन आहे. तेव्हा चालायला हरकत दिसत नाही."

दादा म्हणाला, "बुवा, शास्त्राला चालेल, पण दात पडतील. बंद करायला हवं ते."

"करा ना," बुवा म्हणाले, "पण सरसकट नको. एकादशीपुरतं बंद करून द्या!"

* * *

पास्कू गिरगावातल्याच एका वाडीतला ख्रिस्ती, बँडमध्ये कॉर्नेटची पितळी तुतारी फुंकणारा. हिरड्या झिजून त्याचे पुढचे दात हलायला लागले होते आणि दात हलला की सूर हलायचा. बँडच्या मास्तरनं सांगितलं होतं, दात घट्ट कर नाहीतर ढोल घे. पास्कूला ढोल म्हणजे मरण.

दादा म्हणाला, "खरवडून, औषध लावून हळूहळू घट्ट होतील."

पास्कू म्हणाला, "हळूहळू कसं कळंल? वाजवून बघायला पायजे!" आणि त्यानं पिशवीतून कॉर्नेट काढलं.

दादानं एक दात साफ करायचा, पास्कूनं गुळणी करायची, आणि वाजवायचं. पण वाजवायचं काय, तर मयताची धून! मी पडद्याआडून विचारलं, "अहो पास्कू, लग्नातलं काही येत नाही का?"

"येतं ना बाय. पन लग्नाची धून ओठांवर वाजते, मयताची दातांवर. दात बघायचा तर मयतच वाजवायला पायजे!"

बाहेर बाकावर रोगी बसले होते. आत माणूस गेला, दार लागलं, ओरडणं ऐकू आलं आणि पाठोपाठ मयताचा बँड! मी दार उघडलं तेव्हा बाक रिकामा. एकजण तर पायताणं टाकून पळाला होता. खाली वाण्यानं पगडी काढून हातात धरली होती.

आमचं घर मागच्याच गल्लीत. धून तिथवर गेली असणार म्हणून आम्ही धावत घरी पोचलो, तर तात्या मोरीत सुतकाची अंघोळ करून ओलेचिंब उभे. म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही, तात्या."

"मग रडत कोण होतं?"

"रडत नव्हता, वाजवत होता. दात बघत होता तो."

तात्यांनी डोक्यावरून निथळणारं पाणी हातानं पुसलं. मग म्हणाले, "म्हणजे माझी अंघोळ फुकट गेली?"

* * *

एकदा एक भारदस्त बाई आल्या त्या पैठणी नेसून. दात दाखवायला पैठणी नेसून कुणी येत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खुर्चीत बसल्या, मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पुरणपोळी येते का गं?"

मी म्हटलं, "आ करा."

"शिवणटिपण?"

"मोठा आ करा."

"उलट बोलायची सवय दिसते. वडीलधाऱ्यांशी कसं..." इथे मी आरसा आत घातला. पुढचं सगळं "आं आं आं" असं झालं. आरसा काढला की प्रश्न, म्हणून मी आरसा काढेचना! त्या डोळे मोठे करून काहीतरी विचारत होत्या. मला एकदा "अलिबाग"सारखं काही ऐकू आलं, पण तोंडात हत्यार असताना काहीही अलिबागसारखंच ऐकू येतं.

तोंड मात्र वाईट होतं. हिरड्यांतून पू, मागच्या दाढा डुगडुगत्या. रोगी म्हटल्यावर माझा हात आखडत नाही. मनापासून केलं. चारदा बोलावलं, चारदा त्या आल्या, प्रत्येकवेळी वेगळी पैठणी!

शेवटच्या दिवशी त्या दवाखान्यातून थेट तात्यांकडे गेल्या. त्या वकिलांच्या थोरल्या बहीण होत्या. मुलगी बघायला म्हणून अलिबागहून येऊन गिरगावात उतरल्या होत्या. मी दाराआडून ऐकत होते. त्या म्हणाल्या, "मुलगी उर्मट आहे. रंग यथातथा. पुरणपोळीचं विचारलं तर तोंडात लोखंड घातलं तिनं."

मी देवाचे आभार मानले.

"पण," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सुपारी चावून खाल्ली. आमच्या भाऊच्याही हिरड्या वाईट आहेत. हीच मुलगी ठरवा. घरातल्या घरात दवाखाना होईल!"

आता बघा माझी गत. काम वाईट केलं तर तक्रार, म्हणजे अलिबाग. काम चांगलं केलं तर पसंती, म्हणजे अलिबागच! तात्यांनी मुहूर्त काढायला भटजींना सांगावा धाडला. मी जेवण सोडलं. तात्या म्हणाले, "जेवली नाहीस तर वकिलांना बारीक मुलगीही चालेल."

काकू ताटं उचलत होती. 

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या ऑफिसात असताना काकू दवाखान्यात आली. एकटी. जन्मात ती कधी एकटी कुठे गेली नसेल. दादाला म्हणाली, "तू बाहेर बस. तुझा हात जड आहे. अंबू करील."

आता आमच्या घरातल्या, आणि एकूणच जुन्या बायकांचं एक सांगायला हवं. त्या दातांना दातवण लावतात. काळी पूड, रोज घासून घासून दात शिसवीसारखे काळे करायचे. काळे दात म्हणजे सौभाग्य. नवरा गेला की कुंकवाबरोबर दातवणही बंद. पांढरे दात विधवेचे. म्हणून दातवणवाल्या बायकांचे दात आम्ही शक्यतो आतल्या बाजूनंच साफ करायचो. पुढची काळी बाजू म्हणजे देवघर, शिवायचं नाही!

पण काकूचा रोग पुढेच होता. हिरड्या दाताला सोडून लोंबत होत्या, दाबलं की पू. भाकरी ती कित्येक दिवस दुधात भिजवून खात होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मी म्हटलं, "काकू, पुढून खरवडायला लागेल. दातवण जाईल."

काकू म्हणाली, "जाऊ दे."

"तात्या?"

"त्यांना बघायला मी तोंड उघडते कधी?"

मी डाव्या बाजूनं सुरुवात केली. वर आणि खाली, बरोबर नाकाच्या रेषेपर्यंत आले, तेव्हा दादानं बाहेरून सांगितलं की आज एवढं पुरे, हिरड्यांना विसावा दे, उरलेलं आठ दिवसांनी. काकूनं आरसा घेतला. डावीकडे मोगऱ्याच्या कळ्या, उजवीकडे कोळसा! ती आरशाकडे बघत राहिली. मग तोंड मिटून, पदर घेऊन घरी गेली.

दोन दिवस तिनं तात्यांकडे उजवी, काळी बाजू करूनच वाढलं. तिसऱ्या दिवशी तात्यांनी जेवताना आपला तो विनोद सांगितला. त्यांचा एकच विनोद आहे आणि त्याला हसायची काकूला लग्नापासून सवय. ती हसली.

तात्यांच्या हातातला घास पडला.

"अगं, हे काय? मी काय अर्धा मेलोय?"

त्या रात्री तात्यांचा डावा हात बधिर झाला. वैद्यांना बोलावलं. वैद्य म्हणाले, हातावर झोपला होतात. तात्यांना ते पटेना. "डावाच कसा? तिचे डावेच पांढरे आहेत!"

मग दातवण पुन्हा लावायचा घाट घातला. पण मी दात असे गुळगुळीत केले होते की पूड त्यावर टिकेना. काकू वरण-भात खायला बसली की दात पांढरे आणि वरण काळं! भटजी आले होते मुहूर्त सांगायला, त्यांना हे दाखवलं. त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "सगळे काळे उत्तम. सगळे पांढरे, तर हल्ली पुढारलेल्या घरांत तशी चाल पडली आहे, चालवून घेता येईल. पण अर्धे-अर्धे हे फार वाईट. यात देवालाही निर्णय करता येत नाही."

मी तिथेच उभी होते. तात्या माझ्याकडे वळले. "तक्रार आलेली आहे, अंबू."

"कुणाच्या घरातून?"

"माझ्या!"

"कुणाकडे?"

"माझ्याकडे!"

"निकाल कोण देणार?"

"मीच! उद्या हिचं उरलेलं पुरं कर. परवापासून दवाखाना बंद. अलिबागला होकार कळवतो."

मी काकूकडे बघितलं. ती खाली मान घालून वाती वळत होती.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः काकूला घेऊन आले. पगडी, उपरणं, कपाळाला अंगारा. मोहिमेवर निघाल्यासारखे. पडद्याबाहेर दादाच्या स्टुलावर बसले आणि उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवून स्वतःची नाडी धरली.

मी पहिला दात खरवडायला घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसत नव्हतं. या खुर्चीतला माझा हा शेवटचा रोगी. काकूनं पदराच्या टोकानं माझे डोळे पुसले आणि पुन्हा आ केला.

दात पांढरा झाला. काकूनं गुळणी केली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मी आहे गं!"

दुसरा दात. गुळणी. "अजून आहे!"

तिसरा. "आहे! जरा जलद चालतेय, पण आहे!"

दादाला हसू आवरेना. तो जिना उतरून वाण्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दाढा झाल्या, मधले झाले, सुळा झाला. दर गुळणीला तात्या आपली हजेरी देत होते. आवाज मात्र बारीक बारीक होत चालला होता. शेवटी अगदी मधला, समोरचा एक दात उरला. सगळे शुभ्र आणि मधोमध तो एकटा काळा.

मी हत्यार पुढे केलं. काकूनं तोंड मिटलं.

"काकू, एकच राहिला."

तिनं माझा हात बाजूला केला. चूळ भरली, ओठ पुसले, लुगडं नीट केलं आणि खुर्चीतून उतरली. पडदा तिनं स्वतःच सारला. समोर तात्या नाडी धरून, डोळे मिटून बसलेले.

"अहो," काकू म्हणाली.

तात्यांनी डोळे उघडले. काकूनं तोंड उघडून तो दात त्यांना दाखवला आणि त्यावर बोट ठेवलं.

"हा एक ठेवलाय. अलिबागचं नाव घरात पुन्हा काढलंत, की येऊन हाही खरवडून घेईन!"